चिंचेच्या पाण्यातल्या पुंगळ्या

चिंच भिजत घातल्याचा वास आला की मला ऑकलंडच्या पापाकुरा उपनगरातलं एका घरामागचं ते अंगण आठवतं आणि त्याबरोबर माझी त्या दिवशीची गुर्मीही.

पुण्याहून मी ऑकलंडला इंजिनिअर म्हणून आलो आणि पोलिसात शिरलो. सासऱ्यांनी ते शेवटपर्यंत माफ केलं नाही. हा प्रसंग २०१४ च्या आसपासचा. एप्रिल होता, हरणांच्या शिकारीचा मोसम. दुपारी नियंत्रण कक्षाकडून खबर आली की एका घरामागे कुणीतरी टॉवेलवर ढीगभर गोळ्या वाळत घातल्या आहेत. घर मराठी माणसांचं, म्हणून माझ्या सार्जंटबाईंनी मला सोबत घेतलं.

अंगणात सत्तरीच्या एक आजी बसून रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या घासत होत्या. जिवंत काडतूस एकही नव्हतं. वापरलेली पितळी पुंगळी लख्ख करायची आणि तिच्यात पुन्हा दारू, गोळी भरायची ही इथल्या शिकाऱ्यांची नेहमीची रीत. त्यात बेकायदा काही नाही. पण या घरात कुणाकडेच शस्त्राचा परवाना नव्हता. पुंगळ्यांचा मालक कोण, एवढं नोंदवून आम्हाला निघायचं होतं.

"आजी, कुणाच्या आहेत या?"

मराठी ऐकून त्यांचा चेहरा फुलला आणि गणवेश पाहून लगेच मिटला. "सापडल्या."

"एवढ्या सगळ्या?"

"पडल्या होत्या. उचलल्या."

आयुष्यात कधी खोटं न बोललेलं माणूस खोटं बोलायला लागलं की ते असंच बोलतं. दहा मिनिटं मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. मग आवाज चढवला. त्यांचा व्हिसा, त्यांच्या मुलाची नोकरी, सगळ्याचं नाव काढलं. आज त्याची लाज वाटते. सार्जंटबाईंना भाषा कळत नव्हती, पण सूर कळला. "ईझी, मेट," त्या मला म्हणाल्या आणि सरळ गवतावर आजींशेजारी बसून एक पुंगळी घासू लागल्या.

आजींचे डोळे भरले. "टाका तुरुंगात," त्या मला म्हणाल्या. "यांना झटका आला तेव्हा मुलगा कामावर होता. ज्याच्या या पुंगळ्या, त्या माणसानं यांना उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. म्हणून यांचा जीव वाचला. गावाकडे असली एक पुंगळी सापडली तरी पोलीस घर उलथंपालथं करतात. त्याचं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही."

तेवढ्यात त्यांच्यामागच्या घमेल्याकडे लक्ष गेलं. चिंचेच्या पाण्यात पुंगळ्या बुडवलेल्या होत्या आणि त्यांचा रंग पिवळा नव्हता, लालसर होता.

हा रंग मी ओळखत होतो. मी इंजिनिअरिंगला असताना आई समई चिंचेच्या पाण्यात तशीच विसरली आणि समई अशीच लाल झाली. पितळ आंबटात फार वेळ राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि धातू कमकुवत होतो. हे शास्त्र तेव्हा मी आईला असं काही ऐकवलं होतं की बिचारी रडली होती.

"आजी, किती वेळ भिजवल्यात?"

"दोन दिवस. आत बोट जात नाही ना. घासणार कशा?"

"याआधी अशाच दिल्यात त्याला?"

त्या मान खाली घालून पुन्हा पुंगळी घासू लागल्या.

"आजी, नीट ऐका. ही पुंगळी कच्ची झाली आहे. रायफलमध्ये फाटली तर पेटलेल्या दारूचा झोत त्याच्या डोळ्यांवर येईल."

त्यांच्या हातातली पुंगळी गळून पडली. "अगं बाई! तो सकाळीच गेलाय, नेम तपासायला!" त्यांनी कुंपणापलीकडच्या घराकडे बोट दाखवलं. "पळा हो, पळा!"

शेजाऱ्याचा फोन लागेना. गोळीबाराचं मैदान पाऊण तासावर, तिथे रेंज नाही. सार्जंटबाईंनी सायरन लावून गाडी हाणली. मी देवाचं नाव घेत होतो, हे कबूल करतो.

शेजारचे म्हातारबाबा मैदानावर रायफल रोखून बसले होते. मी ओरडलो. त्यांनी शांतपणे रायफल खाली ठेवली, कानांवरचे आवाज अडवणारे मफ काढले. टेबलावर विकतची कोरी काडतुसं होती, पिवळीधमक.

"लाल झालेल्या?" माझं ऐकून ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी पाहिल्या. जन्मभर काडतुसं भरतोय मी. त्या सगळ्या बरणीत ठेवल्यात, हल्ली विकत आणतो."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

त्यांनी संधिवाताने वाकडी झालेली बोटं पुढे केली. "मला घासायला जमत नाही, हे एकदा खुणेनं सांगितलं. तर ती पुंगळ्यांची बादलीच उचलून घेऊन गेली. नवरा आजारी पडल्यापासून तिला हसताना मी तेव्हाच पाहिलं. कसं सांगणार? आणि मला हे माहीत होतं, हे तिला कळू देऊ नका."

आम्ही परतलो तेव्हा आजी फाटकात उभ्या होत्या. "आहे ना तो?"

"ठणठणीत आहे. त्या पुंगळ्या त्यांनी अजून भरल्याच नव्हत्या. पण तुम्ही सांगितलंत, फार बरं केलंत."

मागोमाग म्हातारबाबांची गाडी आली. त्यांनी जुन्या काळवंडलेल्या पुंगळ्यांची बादली कुंपणावरून पुढे केली आणि दहा बोटं दाखवली. "टेन मिनिट्स. ओन्ली टेन."

"कळलं, दहा मिनिटं," आजी डोळे पुसत म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "त्याला विचारा, चहा घेणार का."

ठाण्यात येऊन "गुन्हा नाही" असं लिहून नोंद बंद केली. माणूस गप्प बसला की तो स्वतःला वाचवतोय, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो आणि बहुतेक वेळा ते खरंही निघालं. इथे दोघं एकमेकांसाठी गप्प होती. त्या दोघांचा मी मनापासून ऋणी आहे. व्हिसाची धमकी मी नंतर निवृत्तीपर्यंत कुणालाही दिली नाही.

त्या संध्याकाळी पुण्याला फोन लावला. आईला म्हटलं, "तुझ्या त्या लाल समईमुळे आज माझं काम झालं."

"तेव्हा मला किती बोलला होतास," आई म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच फोन केलाय."