वाटीतल्या चार कुड्या

खरा हिरा घ्यावा की अमेरिकन डायमंडवर भागवावं, असं मला पूर्वी कुणी विचारलं असतं तर मी भाजी निवडता निवडता उत्तर दिलं असतं. लांबून सगळं सारखंच दिसतं, आणि जवळ येऊन माझे कान न्याहाळायला बसलंय कोण? आता तोच प्रश्न कुणी विचारला तर मी विषय बदलते. उत्तर ठाऊक नाही म्हणून नव्हे. दोन उत्तरं ठाऊक आहेत आणि दोन्ही खरी वाटतात, म्हणून.

आमचे हे इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. ते मिरजेचे, मी बेळगावची, आणि संसार सगळा बेंगळुरूत. माझं कन्नड चांगलं, ह्यांचं ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, एवढ्यावर निभावलेलं. निवृत्त झाल्यावर ह्यांना काचबिंदू निघाला. कळला तेव्हा बराच पुढे गेला होता. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली थेंब घालून जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. नजर कडेकडेनं जाते. ताटात डावीकडे वाढलेली चटणी ह्यांना दिसेनाशी झाली, आणि मी भाबडेपणानं समजत होते की चटणी आवडेनाशी झाली.

अशात एक दिवस चहा पिताना हे म्हणाले, “तुला हिऱ्याच्या कुड्या घेऊया.”

मला हसूच आलं. “आता? कानाच्या पाळ्या लोंबायला लागल्यावर?”

“आता म्हणजे आताच,” हे म्हणाले. “मला दिसतंय तोवर.”

लग्नात ह्यांनी माझ्या वडील-भावांसमोर ऐटीत सांगितलं होतं की बढती मिळाली की हिला हिऱ्याच्या कुड्या. बढत्या मिळाल्या, आणि प्रत्येक बढतीच्या मागे घर, मुलीचं शिक्षण, सासूबाईंचं आजारपण असं काहीतरी उभं राहिलं. मी कधी काढून दाखवलं नाही. मला वाटलं होतं, विसरले. विसरले नव्हते.

मला राग आला, तोही धड कशाचा ते कळेना. एवढा पैसा कानात अडकवायचा आणि मग बसमध्ये पदरानं कान झाकून बसायचं! मुलगी मारतहळ्ळीला राहते, तिला फोन केला. ती म्हणाली, “आई, हिऱ्याला रीसेल नसते. घ्यायचेच तर लॅबमधले घ्या, तेही हिरेच असतात.” म्हणजे आता खरा, खोटा आणि खऱ्यासारखाच खरा पण खाणीतला नव्हे, असे तीन झाले. मी फोन ठेवला तेव्हा आधीपेक्षा कमी कळत होतं.

शेजारच्या अक्कांना विचारलं. त्या जुन्या म्हैसूरकडच्या, कानात सात हिऱ्यांची फुलं घालूनच बहुधा जन्मल्या असाव्यात. त्यांचं म्हणणं निराळंच. “वज्र एल्लरिगू आगि बरल्ल,” त्या म्हणाल्या. हिरा सगळ्यांनाच लाभत नाही. आधी घरी आणायचा, दोन-चार दिवस घालून बघायचा, घरात काय होतं त्यावर लक्ष ठेवायचं. चांगलं झालं तर पैसे द्यायचे, वाईट झालं तर मुकाट्यानं परत. इकडचे सराफही ओळखीच्या गिऱ्हाइकाला तसा हिरा देतात. मला ही पद्धत फार आवडली. परत करायची वाट असली की मी कुठल्याही दुकानात शिरायला तयार असते.

बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरात आमचे जुने सराफ आहेत. माझ्या कानातल्या सात खड्यांच्या कुड्या त्यांच्याकडच्याच, सोन्यातल्या, पण खडे अमेरिकन डायमंडचे. हे शेटना म्हणाले, “हूबहू ऐसाच दिखाव, मगर असली.” हे असं का म्हणाले ते मला तेव्हा कळलं नाही. मी नवा नमुना मागत होते. हे ऐकेनात. म्हणाले, “मला तुझ्या कानात जे बघायची सवय आहे तेच हवंय, फक्त खरं.” शेटनी तोच घाट, तेवढेच खडे, तसंच बंद कोंदण असलेला जोड काढला. ह्यांनी अनामत म्हणून चेक ठेवला आणि आम्ही डबी घेऊन आलो.

आमच्याकडे नवा दागिना अंगाला लावण्याआधी दुधात घालून देवापुढे ठेवतात. संध्याकाळी मी चांदीच्या वाटीत दूध घेतलं, खऱ्या कुड्या त्यात सोडल्या, दिवा लावला. आणि मग माझ्यातली काटकसरी बाई जागी झाली. एवढं वाटीभर दूध दोन कुड्यांसाठी! माझ्या कानातल्या तेलानं मळकट झालेल्याच होत्या. त्याही काढल्या आणि त्याच वाटीत टाकल्या. देवाचंही झालं, धुणंही झालं, एका वाटीत दोन कामं.

सकाळी वाटीतून चार कुड्या काढल्या, पुसल्या आणि टेबलावर ठेवल्या. चारी सारख्या. फिरक्या सारख्या, शिक्के सारखे. कुठल्या खऱ्या, कुठल्या माझ्या, काही म्हणता काही कळेना.

मुलीनं फोनवर तोडगे सांगितले. खड्यावर फुंकर घालायची, वाफ लगेच उडाली तर हिरा. मी फुंकरी घालून घालून दमले, दुधाची साय की वाफ तेच समजेना. वर्तमानपत्रावर ठेवून खालची अक्षरं वाचायची, म्हणे. कोंदण मागून बंद, अक्षरं कुठली वाचता? मी रडकुंडीला आले. शेटना काय तोंड दाखवायचं? चुकून आपल्याच कुड्या परत दिल्या तर म्हातारपणी चोर ठरायचो.

हे शांतपणे म्हणाले, “आण इकडे.”

“तुम्हाला काय दिसणार?” असं मी म्हणून गेले. शब्द तोंडातून गेला आणि मला स्वतःच्या जिभेचा संताप आला. पूर्वेच्या खिडकीत ऊन आलं होतं. ह्यांनी मला तिथं उभं केलं आणि एकेक कुडी कानाशी धरायला सांगितली. मान हलव म्हणाले, हलवली. दुसरी धर, धरली. मग जराही न अडखळता दोन कुड्या बाजूला काढल्या.

“या खऱ्या.”

“कशावरून?”

“यातनं रंग येतात. लाल, निळा, मध्येच हिरवा. त्या दुसऱ्या नुसत्या पांढऱ्या आहेत, मला त्या अर्ध्या वेळा दिसतच नाहीत.” मग म्हणाले, “या घातल्यास की तू खोलीत कुठे आहेस ते मला कळतं.”

मी त्या कुड्या कानात घातल्या. मला लाजही वाटली, आनंदही झाला आणि मागच्या खोलीत जाऊन मी रडलेही. हिऱ्यावर पैसे घालवणं वेडेपणा आहे हे माझं मत त्या सकाळी मी मनातल्या मनात मागे घेतलं. नवऱ्याच्या नजरेत आपण राहणार असू तर घेऊ दे की हिरा, असं वाटलं.

मग लाभतो की नाही ते बघायचे दिवस सुरू झाले. पहिल्याच दिवशी मिक्सर जळला. अक्का म्हणाल्या, मिक्सर जुना होता, तो धरायचा नाही. पुढे ह्यांच्या डोळ्यांची तपासणी होती. डोळ्यांतला दाब कितीतरी दिवसांनी आटोक्यात आला होता, डॉक्टर खूश होते. अक्कांनी माझ्या कानांकडे बघून हात जोडले. “आगि बंतु,” म्हणाल्या. लाभला! थेंब बदलले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. खरं तर मलाही थेंबांपेक्षा हिऱ्याचंच श्रेय मानावंसं वाटत होतं.

पैसे द्यायला आम्ही ऑटोनं शिवाजीनगरला गेलो. ह्यांनी निवडलेल्या कुड्या माझ्या कानात, बाकीच्या डबीत. मी शेटना वाटीची हकीकत सांगितली. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, “एक मिनिट का काम है, बहनजी.” त्यांनी पेनाएवढं यंत्र काढलं. हिऱ्याला टेकलं की ते वाजतं. आधी माझ्या कानातल्या कुड्या मागितल्या. एकेका खड्याला टोक लावलं. यंत्र गप्प. मग डबीतल्या घेतल्या, आणि ते वाजायला लागलं. प्रत्येक खड्याला वाजलं.

ह्यांना यंत्र दिसत नव्हतं. पण ऐकू सगळं येत होतं.

माझे कान एकदम रिकामे आणि गरम झाले. शेटच्या लक्षात आलं असावं, ते आपणहून हिंदीत म्हणाले, “नकली खड्यात रंग जास्त असतो, साहेब. असली हिरा सफेद चमकतो. पुष्कळ जण फसतात.” ह्यांनी नुसती मान डोलावली.

मी आत कुठेतरी सुटल्यासारखी झाले. सुंठीवाचून खोकला गेला! ह्यांना ज्या दिसतात त्या माझ्याकडे आहेतच, मग खऱ्या हव्यात कशाला? मी मराठीत म्हटलं, “अहो, परत देऊन टाकू. तुम्हाला ज्यात मी दिसते त्या माझ्या झाल्या खऱ्या.” मला वाटलं, किती शहाणपणाचं बोलले मी.

हे काउंटरच्या काचेवर बोट फिरवत होते. मग म्हणाले, “आज मला खोट्या दिसतात. उद्या दोन्ही दिसणार नाहीत. तेव्हा तुझ्या कानाला हात लावून बघीन. तेव्हा तरी तिथं खरं असू दे.”

शेटना मराठी कळतं की नाही कोण जाणे, पण ते उठून आत पाणी आणायला गेले. हे चेक परत न घेता उठले. मी खोट्या कुड्या कानात घातल्या आणि खऱ्या पर्समध्ये ठेवल्या. बाहेर ऑटोवाल्या अण्णांनी मीटरवर जादा मागितले तर मी भांडले नाही, यावरून माझी अवस्था समजावी.

अक्का अजून विचारतात, हिरा कसा काय? मी म्हणते, चांगला. घालत का नाही म्हणतात, तर सणाला घालीन म्हणते. सण येतात आणि जातात. हिरा घ्यावा का, असं नात्यातली कुणी लग्नाची मुलगी विचारते, तेव्हा घे म्हणावं की नको, मला अजूनही ठरवता येत नाही. खोटे खडे रोज सकाळी मला ह्यांच्या नजरेत आणून उभं करतात, त्यांना खोटं कसं म्हणू? आणि कपाटात डबीतले खरे कुणालाच दिसत नाहीत, तरी त्यांच्यामुळे हे निर्धास्त झोपतात, त्यांना वाया कसं म्हणू?

खिडकीत ऊन आलं की हे विचारतात, “आज कुठल्या?”

“कालच्याच,” मी म्हणते आणि मान जरा जास्तच हलवते.

“दिसल्या,” हे म्हणतात.

मग मी देवापुढे दिवा लावते आणि मागणं मागते, की कपाटातल्या त्या कुड्या घालायची वेळ माझ्यावर कधी येऊ देऊ नकोस.