घोड्यांना चार पानं

मेलबर्नला शिकायला येणाऱ्या पोरांचा पूर लोटला होता, तेव्हाची गोष्ट. वेरिबी या उपनगरातल्या एका घरात आम्ही सहा जण राहायचो. युनिव्हर्सिटीतल्या बाईंनी मला परीक्षणासाठी एक जुनं पुस्तक दिलं. इंग्लंडमधल्या कुठल्याशा खोऱ्याचा इतिहास, तिथल्याच एका पाद्र्यानं लिहिलेला. आमच्याकडे परीक्षण म्हणजे लेखकाला हार घालणं. मीही घातला. ओघवती शैली, संग्राह्य ग्रंथ वगैरे सगळ्याचं इंग्रजी करून दिलं. बाईंनी खाली एकच शब्द लिहिला, 'रिसबमिट', म्हणजे पुन्हा लिहून आण. आता हुकलं तर विषय नापास आणि व्हिसा गोत्यात. माझं धाबं दणाणलं.

माझ्या खोलीतला नागपूरकर म्हणाला, "अबे, काय आहे ते सोड. काय नाही ते बघ."

आठवडाभर ट्रेनमध्ये पुस्तक पुन्हा वाचलं. पाद्रीबुवांनी गिरणीमालकाच्या घोड्यांना चार पानं दिली होती, तीही नावानिशी. गिरणीत राबायला बाहेरून आलेल्या माणसांना अर्धी ओळ. मजुरांचीही मदत झाली म्हणे! ती कुठे राहिली, काय जेवली, पत्ता नाही. मी जाम भडकलो आणि सगळा पुणेरी खोचकपणा त्या परीक्षणात ओतला. पास झालो, तेही झोकात. तेव्हापासून कुणी स्थानिक इतिहास दाखवला की मी आधी ती अर्धी ओळ शोधतो आणि यजमानांना त्यावर व्याख्यान देतो.

यंदा आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत मंडळाचा इतिहास मीच लिहिला. अंक छापून आल्यावर मोठ्या तोऱ्यात नागपूरकराच्या घरी नेऊन दिला. त्यानं ओट्यापाशी उभ्यानंच वाचला.

"मस्त आहे बे. अध्यक्ष आहेत, पाहुणे आहेत, मूर्ती कुठून आणली तेही आहे. आपण सहा जण कुठे आहोत?"

"आहोत की," म्हणत मी पानं उलटली. शेवटी सापडलो. 'विद्यार्थ्यांचेही सहकार्य लाभले.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं शांतपणे पेन काढलं आणि त्या ओळीखाली बाईंचाच शब्द लिहिला.

अंक तर वाटून झाला होता. तेव्हा इथे लिहून ठेवतो. आम्ही वेरिबीत राहायचो त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या आम्ही सहा जणांनी लावल्या, आणि मसालेभात नागपूरकरानं एकट्यानं ढवळला.