धुरपताबाईंच्या चौकोनी घड्या

धुरपताबाई गप्प बसल्या आहेत, ही त्या गावात बातमी होण्यासारखी गोष्ट होती. कोहमाऱ्यापासून तीन किलोमीटर आत असलेल्या या गावाला गेल्या सहा वर्षांत बाईंनी बोलून बोलूनच शिकवलं होतं. परसात पालेभाजी कशी लावावी, चुलीचं धुराडं कुठून काढावं, भाजी आधी धुवावी की आधी चिरावी, आणि नवऱ्याला पत्ता लागू न देता भाजीतलं मीठ कसं कमी करावं, हे सगळं. आज त्याच बाई समाजमंदिराच्या भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

समोर टेबलावर एक टॉर्च होता, आणि टॉर्चमागे डॉक्टर दामिनी.

बाईंच्या दर महिन्याच्या आरोग्य शिबिरात काही ना काही नवं असायचंच. या वेळी गोंदियाहून दातांच्या डॉक्टरीण बाई आल्या होत्या, गावातली तोंडं तपासायला. तपासणी साधी होती. अंगठ्याशेजारच्या तीन बोटांची एकावर एक उभी चळत करायची आणि दातांच्या मधून आत घालायची. तिन्ही गेली तर ठीक. नाही गेली तर खर्ऱ्यानं आतून गाल आवळायला घेतलेत असं समजायचं. ही परीक्षा गावाला शिकवली धुरपताबाईंनीच, मागच्या वर्षी, चित्रांचा तक्ता हातात धरून. शिकवताना बोटं मात्र कायम दुसऱ्याची असायची.

कारण धुरपताबाई स्वतः खर्रा खात होत्या. एकतीस वर्षं.

आता खर्रा म्हणजे काय हे गोंदियाकडच्या झाडीपट्टीत कोणाला सांगावं लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून फळीवर खसाखसा घोटायचा, की झाला. पाहुण्याला पाणी मागाहून मिळेल, खर्रा आधी पुढे येतो, आणि नाही म्हणणाऱ्याकडे सगळे आजाऱ्याकडे पाहावं तसे पाहतात. बाई विसाव्या वर्षी धानाच्या रोवण्याच्या चिखलात हे शिकल्या. कंबर वाकून वाकून मोडायची, दुपारी पोटात आग पडायची, तेव्हा शेजारच्या ओळीतल्या सुशिलेनं कनवटीची पुडी सोडून चिमूटभर हातावर ठेवली होती. सुशिलेचं पुढे सुटलं. हिचं नाही सुटलं. मग शिबिरं आली, मान आला, बाईंनी खर्रा सोडल्याचं सगळ्यांना सांगितलं, आणि तो तांदळाच्या कोठीत जाऊन लपला.

सहा महिन्यांपासून तिखट झोंबत होतं. मग वरणही झोंबायला लागलं. मागच्या सोमवारी दार लावून, आरशासमोर उभं राहून बाईंनी पहिल्यांदा स्वतःची बोटं वापरली. दोन गेली. तिसऱ्याचं नख दातावर अडलं. डाव्या गालाच्या आत पांढरा डाग दिसला, अगदी तक्त्यावरच्या तिसऱ्या चित्रासारखा. तिसऱ्या चित्राच्या पुढचं, कॅन्सरचं चौथं चित्र त्या शिबिरात नेहमी घाईघाईनं दाखवायच्या. त्या दिवसापासून ते डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

"चला, कोण येतं पहिलं?" दामिनीनं विचारलं.

चाळीस बायका सतरंजीकडे पाहू लागल्या. तपासून घ्यायला आलेलं कोणीच नव्हतं, दुसरीचं पाहायला मात्र सगळ्या आल्या होत्या.

"पयले आमच्या बाईचं पाहा," मागून रीता म्हणाली. रीता गावातली सगळ्यात फटकळ सून. "बाईनं तोंड उघडलं की आमी उघडतो."

"मी मांगून," धुरपताबाई पदरातून म्हणाल्या. "मले सर्दी आहे."

"सर्दीला नाकात बघतात काकू, मी तोंडात बघते."

बायका हसल्या. धुरपताबाईंनाही हसावं लागलं, तोंड न उघडता.

इतक्यात सुशिलाबाई उठल्या आणि भिंतीपाशी मांडलेल्या बाटल्यांकडे गेल्या. त्या बाटल्या म्हणजे बाईंचीच कल्पना. शिवारात पडलेल्या खर्ऱ्याच्या पन्न्या वेचायच्या, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काडीनं ठोसून भरायच्या, दर महिन्याला घरटी एक बाटली आणायची. त्यांचा शाळेसमोर ओटा बांधायचा होता. पन्न्यांनी नाल्या तुंबतात, गाईच्या पोटात जातात, हे बाईंनी गावाच्या इतकं मनावर बिंबवलं होतं की ते त्यांच्या स्वतःच्याही मनावर बिंबलं. स्वतःची पन्नी त्यांना धानाच्या बांधीत टाकवेना, चुलीत जाळवेना. मग त्या ती पुसायच्या, नीट चौकोनी घडी करायच्या आणि आपल्या बाटलीत घालायच्या. चोरी करावी आणि वर पोचपावती ठेवावी, तसं हे काम होतं.

सुशिलाबाईंनी नेमकी ती बाटली उचलली आणि बाईंच्या शेजारी येऊन बसल्या.

"हे तुही बाटली," त्या हळूच म्हणाल्या.

"अं."

"सडकेवरची पन्नी चिखलानं भरली राहाते वो धुरपता. चुरगळली राहाते. हे पाह्य, शंभर घड्या, एकीसारखी एक. अशा घड्या गावात कोन घालते मले मालूम नाही का? लुगड्याच्या बी अशाच घालतेस तू."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "कवापासून मालूम आहे?"

"होळीपासून."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तू बोलशील म्हनून वाट पाहून राहिली होती."

एवढं बोलून सुशिलाबाईंनी बाटली मांडीवर आडवी ठेवली आणि समोर पाहत बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बाईंना सोपं गेलं असतं. भांडण त्यांना येत होतं.

"काकू, येता ना?" दामिनीनं टॉर्च लावून पाहिला.

"भात चुलीवर ठेवून आली मी," धुरपताबाई म्हणाल्या आणि उठल्या. कोणाकडे न पाहता दाराशी पोचल्या, एक पाय चपलेत घातला. दुसरा घालणार तोच समोरून त्यांचे यजमान केवलराम आले. एका हातात गुळाच्या चहाची किटली, दुसऱ्यात स्टीलचे पेले. कागदी कप बाईंनीच बंद करवले होते, त्यामुळे शिबिराच्या दिवशी केवलरामांचं अर्धं आयुष्य पेले विसळण्यात जायचं.

"कुठं चालली? तुहा नंबर झाला?"

"भात..."

"भात मी उतरवून आलो." त्यांनी किटली खाली ठेवली. "अवो, गंमत आयक. तो पानठेलेवाला छोटेलाल काल मले कोहमाऱ्याले भेटला. म्हने, काका, रोज दोन खर्रे जास्त होते, काकीले किती चकरा मारायले लावता. मी म्हनलो, बाबू, मले सोडून पाच वर्षं झाली, माह्या बायकोनं सोडवला. तो बी म्हातारा झाला, मानसं चुकून राहिला."

आणि ते हसले. तोंड चांगलं मोठं उघडून, निर्मळ हसले. चार बोटं गेली असती त्या तोंडात. पाच वर्षांपूर्वी बाईंनी याच माणसाची पुडी अंगणात उधळली होती, आठ दिवस अबोला धरला होता, आणि त्यानं बिचाऱ्यानं लवंगा चघळत, चिडत, रडत ते सोडलं होतं. त्या आठ दिवसांत बाई तांदळाच्या कोठीपाशी रोज दोनदा जात होत्या.

एक पाय चपलेत, एक बाहेर. मागे चाळीस बायका. हा माणूस दारातून बाजूला झाला की मोकळी वाट घरापर्यंत होती.

बाईंनी चपलेतला पाय काढला.

त्या परत गेल्या, सुशिलाबाईंच्या मांडीवरची बाटली उचलली आणि दामिनीच्या टेबलावर टॉर्चशेजारी ठेवली.

"हे बाटली माही आहे," त्या म्हणाल्या. आवाज शिबिरातलाच होता. "यातली एकबी पन्नी सडकेवरची नाही. सगळ्या माह्या आहेत. छोटेलाल मानसं चुकून नाही राहिला."

दाराकडे त्यांनी पाहिलं नाही. तिकडे एक पेला पडून घरंगळत गेल्याचा आवाज मात्र आला.

मग त्यांनी पदर खाली घेतला, बोटं उभी केली आणि सगळ्यांना दिसेल अशा तोंडात घातली. दोन गेली. तिसरं अडलं. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा अडलं.

दामिनी डाव्या गालात बराच वेळ पाहत राहिली. धीर द्यायला लोक उगाच बोलतात तसं ती बोलली नाही, आणि त्यामुळेच बाईंची भीती जास्त वाढली.

"किती वर्षं?"

"एकतीस."

"डाग आहे. छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. गुरुवारी गोंदियाला या."

"काय निघन त्यात?"

"आज मला नाही सांगता येणार, काकू. खर्रा मात्र आजपासून बंद. उद्यापासून नाही, आजपासून."

बाईंनी मान हलवली. केवलराम कधी जवळ येऊन उभे राहिले होते ते त्यांना कळलं नाही. त्यांनी खिशातून लवंगांची डबी काढून बाटलीशेजारी ठेवली आणि म्हणाले, "तिखट लागते सुरुवातीले. चिडशील. माह्यावर चिड."

सतरंजीवर हालचाल झाली. रीता उठून पुढे आली होती. तिनं कनवटीचा हात बाहेर काढला, त्यात अर्धी पुडी होती. ती टेबलावर रिकामी केली आणि पन्नी झटकत खाली मान घालून विचारलं, "बाई, हे चौकोनी घडी कशी घालाची?"

हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. धुरपताबाईंनी तिच्या हातातली पन्नी घेतली आणि घडी घालून दाखवली.

गुरुवारी सकाळी कोहमाऱ्याच्या फाट्यावर धुरपताबाई आणि सुशिलाबाई गोंदियाच्या बसची वाट पाहत उभ्या होत्या. केवलराम येणार होते, पण सुशिलाबाईंनी त्यांना परत पाठवलं. "पयला खर्रा मीच देल्ला होता हिले. मीच जाईन."

ट्रकांच्या धुळीपलीकडून छोटेलालनं सवयीनं पुडी वर धरली. "काकी, काकाचा घेऊन जा ना."

"काकाचा नव्हता," धुरपताबाई म्हणाल्या. "माहाच होता."

छोटेलालचा हात तसाच वर राहिला. "मंग मी काकाले फुकटचा बोललो का?"

"हो. माफी मांग जाऊन," सुशिलाबाई म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.

बसमध्ये धुरपताबाईंचा हात सारखा कनवटीकडे जात होता. तिथं काहीच नव्हतं. हात गेला की सुशिलाबाई आपला हात त्यावर ठेवायच्या, खिडकीबाहेर पाहत. गोंदियापर्यंत त्यांना तो पुष्कळदा ठेवावा लागला.