आईच्या पाटीवरचा एक शब्द

मागच्या रविवारी माहेरी, कळंबला गेले होते... दादाशी भांडायचंच, असं ठरवून.

आईचं वर्षश्राद्ध जवळ आलंय. तिच्या स्मरणार्थ गावच्या एसटी थांब्यावर सिमेंटचं बाकडं बसवायचं, हे आम्हा दोघांचं ठरलेलं. अडलं ते पाटीवरच्या एका शब्दावर.

दादानं लिहिलं होतं, 'आदर्श गृहिणी'. मी म्हटलं, 'शेतकरी' लिही, शेती तिनंच केली ना? तो म्हणाला, लोकांना बाबाच वाटतील, हवं तर 'शेतकरीण' लिहू. मी म्हटलं, शेतकरीण म्हणजे शेतकऱ्याची बायको... पुढे व्हॉट्सॲपवर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी त्याला जुनाट म्हटलं, त्यानं मला अतिशहाणी. आठ दिवस अबोला.

रविवारी ओटीवर त्याच्यासमोर बसले आणि भांडायचं बळच गेलं. वर्षभरात किती थकलाय तो... म्हटलं, "दादा, तुला तो शब्द का नको ते सांग. मी मधे बोलणार नाही."

तो म्हणाला, "बाबांचं अंग लुळं पडलं तवा तुझं लगीन झालेलं. तू नव्हतीस. आई रोज शेतावरनं आली की खाटेपाशी बसायची. म्हणायची, तुमी सांगितलंत तसंच केलं हां. बाबांनी काय पण सांगितलेलं नसायचं गं. समदं तिच्याच मनानं. पण शेतकरी तिनं बाबांनाच ठेवलं, ते जाईस्तोवर. आता आपण ते काढून घ्यायचं?"

"आता तू सांग," तो म्हणाला. "मी बी बोलत नाय मधे."

मी सांगितलं... शाळेच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' असा रकाना होता. मी लिहिलं, 'काही नाही'. सहीसाठी आईला भाताच्या लावणीतून बोलावून आणलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. तिनं ते वाचलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सही केली. "ते मला खोडायचंय दादा," मी म्हटलं.

वहिनी चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "मग शेतकरी का गृहिणी, असं नाव कशाला द्यायचं गं? तिनं काय केलं तेच लिवू."

पाटी आता अशी होणार आहे... 'कै. सुलोचना यांनी जन्मभर या मातीत भात पिकवला.'

मला अजूनही 'शेतकरी' हाच शब्द बरोबर वाटतो. दादाला अजूनही तो पटत नाही. पण त्या दिवशी मी फक्त जिंकायला बसले असते, तर बाबांच्या आजारपणातली आई मला कधी भेटलीच नसती...