आत्याची जास्तीची किडनी

माझी आत्या पँटी शिवते. फक्त पँटी. "शर्ट काय, कोणीही शिवेल," असं ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगते. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, एक कापायचं टेबल, इस्त्री, आणि उंच माणसाचं डोकं हमखास आपटेल असं छत. लग्न केलं नाही. "मापाचा मिळाला नाही," म्हणते. आजी लवकर गेली, तेव्हा धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना, हिनंच वाढवलं. ते काम संपलंय हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

घरच्यांसाठी तिचा कायदा वेगळा होता. घरच्या माणसाला टेप लावायची नाही. नजरेनंच कापायचं आणि कमरेच्या शिवणीत भरपूर कापड आत सोडायचं. कारण आमच्याकडे चाळिशीनंतर पोट सुटतंच. आजोबांचंही सुटलं होतं. बाबांच्या पँटी इस्त्रीला तिच्याकडे जात, आणि परत येताना कमरेत गुपचूप सैल होऊन येत. त्यामुळे आपलं पोट वाढतंय हे बाबांना कधी कळलंच नाही. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे! आम्ही त्यांना 'शेठ' म्हणायचो आणि तेही खुशाल मिरवायचे.

मग बाबांचं ब्लड प्रेशर काही केल्या उतरेना, पाय सुजले, आणि सोनोग्राफीत दिसलं की दोन्ही किडन्या पाण्याच्या पिशव्यांनी भरून गेल्यात.

डॉक्टरबाईंनी समजावलं. "किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशी असतात ना, त्यांच्या आवरणात एक प्रोटीन असतं. पॉलिसिस्टिन. नळीतून पाणी कसं वाहतंय याचा अंदाज घ्यायला आणि पेशींची वाढ आवरायला ते मदत करतं. तुमच्याकडे ते जन्मतःच बिघडलेलं येतं. मग नळ्या फुगत जातात, किडन्या मोठ्या होतात आणि पोट पुढे येतं."

"म्हणजे 'आता पुरे' म्हणणारंच आत कोणी नाही," आत्या म्हणाली. "आणि हे पोट खाण्यापिण्याचं नव्हतं?"

"नव्हतं."

  बाहेर आल्यावर आत्या माझा दंड धरून म्हणाली, "मी उसवत बसले गं. एकदा जरी पँट घट्ट होऊ दिली असती, तर हा वेळेवर डॉक्टरकडे गेला असता."

आई-वडिलांपैकी एकाला हा आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. आजोबांचं पोटही त्यातलंच असणार, म्हणून आत्याची आणि माझीही तपासणी ठरली. बाबांना तर दुसरी किडनी बसवायलाच हवी होती. आईला डायबेटिस, त्यामुळे किडनी देणाऱ्यांत ती बसत नव्हती. आत्यानं मात्र तपासणीआधीच जाहीर करून टाकलं, "मला दोन आहेत. त्यातली एक जास्तीचीच." आजाराची भीती तिला नव्हती. आपली किडनी भावाच्या कामाची निघाली नाही तर, या धास्तीनं तिचं जेवण सुटलं होतं.

आत्याच्या किडन्या स्वच्छ निघाल्या. पुढच्या तपासण्या झाल्या, बाबांशी जुळलंही. माझ्या किडन्यांत पिशव्या सापडल्या. थोड्या, लहान. सध्या गोळ्या आणि पथ्य, पुढचं पुढे.

आणि बाबा अडून बसले. "ताई, मी तुझी किडनी घेणार नाही. उद्या हिला लागली तर कुठून आणायची?"

"हिला लागेल तेव्हा मी नव्वदीची असेन! तेव्हा माझी किडनी फुकटसुद्धा कोणी घेईल का रे?"

"तरी पण नाही."

"तू पहिल्यापासूनच असला हट्टी आहेस. दूध प्यायलासुद्धा रडायचास!"

दोघं तावातावानं भांडत होते आणि मी मधल्या खुर्चीवर. किडनी माझी, आजार माझा, आणि मला कोणी विचारायलाच तयार नाही! माझं डोकं फिरलं.

"बाबा," मी ओरडले, "मला त्या वेळी किडनी मिळेल न मिळेल. मला आत्ता तुम्ही हवे आहात. मुकाट्यानं घ्या!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे. "घेतो," म्हणाले, आणि रडायला लागले.

ऑपरेशनच्या सकाळी आत्या हॉस्पिटलचा गाऊन घालून पलंगावर बसली होती. गाऊन ज्यानं शिवलाय, त्याला माझ्यापुढे उभा करा, असं तिचं नर्सला दोनदा सांगून झालं होतं. मग मला जवळ ओढून हळूच म्हणाली, "एक त्याला. उरलेली तुझी बरं का."

"आत्या, ती तुला लागणार आहे."

"मी गेल्यावर घे की. डॉक्टरबाईंना सांगून ठेवलंय. त्या हसल्या, पण मी सांगून ठेवलंय."

मी हसायला गेले आणि रडू फुटलं. "मला नकोय ती," मी म्हटलं. "तूच वापर. खूप वर्षं वापर."