सरोजिनीचा मोगरा आणि चैत्रातल्या गारा

आमच्या कसब्यातल्या इमारतीची गच्ची म्हणजे सरोजिनीचं राज्य. ती बसमध्ये कंडक्टर होती. नोकरी संपली, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. झाडांशीही तसंच बोलते. जास्वंद पसरायला लागली की, "सरका, पुढे सरका, मागे जागा आहे!" मी खालच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे ऐकायचं नसलं तरी सगळं ऐकू येतं.

माघात तिने मोगरा असा छाटला की मला बघवेना. कुंड्यांतली वरची माती उकरली, शेणखत घातलं आणि मग पाणीच तोडलं. झाडांनी माना टाकल्या.

"अगं, मारतेस की काय त्याला?" मी म्हटलं.

"ताण दिल्याशिवाय मोगरा बहरत नाही, द्वारका. तुझ्यासारखा लाडावून ठेवला तर नुसती पानंच येतील."

माझ्या मोगऱ्याला नुसती पानंच आहेत हे खरं, पण बोलून दाखवायची काय गरज होती?

यंदाचा सगळा खटाटोप सरोजिनीच्या सुनेसाठी होता. अपूर्वाला याआधी दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा... जाऊ दे, नको तो विषय. आता सातवा महिना, सगळं ठीक, तरी पोरगी धास्तावलेली. काही म्हणून मागेना. कैरी नको, चिंच नको. डोहाळे बोलून दाखवले तर दृष्ट लागेल, असं तिच्या मनानं घेतलेलं. शिकलेली आहे, आयटीत आहे, पण भीतीपुढे शिक्षण काय करणार? डोहाळजेवणाचं नाव काढलं की उठून जायची. शेवटी एवढंच म्हणाली, "बाहेरचं कोणी नको. आपल्या गच्चीवरची फुलं असतील तर बसेन."

झालं! सरोजिनीने पदर खोचला. मुकुटापासून बाजूबंदापर्यंत फुलांचे सगळे दागिने घरच्याच मोगऱ्याचे करायचे ठरले.

मोगऱ्याने तिचा शब्द राखला. चैत्र लागला आणि कळ्या अशा लगडल्या की मलासुद्धा कौतुक करावं लागलं. पण हवेचा काय भरवसा? हल्ली पुण्यात सकाळी शाल, दुपारी चटके आणि संध्याकाळी छत्री. डोहाळजेवणाच्या आदल्या दुपारी आभाळ भरून आलं.

"कळ्या आत्ताच तोड," मी म्हटलं.

"उद्या पहाटे ताज्या तोडू. माझ्या गच्चीवर पाऊस तिकीट काढल्याशिवाय येत नाही!"

आला. फुकट्या आला, तो गारा घेऊनच आला. नुसता ताडताड आवाज. आम्ही दोघी जिन्याच्या दारात हात चोळत उभ्या. थांबल्यावर बघतो तर झाडावर एक कळी शिल्लक नाही, सगळा सडा खाली चिखलात.

सरोजिनी मटकन पायरीवर बसली. "आता ती अपशकुन म्हणेल गं. उद्या बसायची नाही." तिचा एवढा बारीक आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. 'सांगितलं होतं' हे शब्द अगदी जिभेवर आले होते माझ्या, गिळले.

तेवढ्यात अपूर्वा कठडा धरत, सावकाश जिना चढून वर आली. तिने ती उघडी झाडं पाहिली, खालचा सडा पाहिला. सरोजिनीला काही तिच्याकडे बघायचा धीर होईना.

"आई," अपूर्वा म्हणाली, "मला गारा खायच्यात."

"काय?"

"गारा हव्यात मला. लवकर, वितळतील ना!"

सरोजिनी उठली की ताडकन! कळ्या तुडवत सरळ चिखलात शिरली आणि कुंड्यांच्या काठावरच्या स्वच्छ गारा वेचायला लागली. "द्वारका, बघत काय उभी राहिलीस? वाटी आण!" मी या वयात दोन-दोन पायऱ्या उतरून वाटी आणली. गारा धुऊन दिल्या. अपूर्वाने डोळे मिटून कडाकडा चावल्या आणि रिकामी वाटी पुढे केली.

"अजून."

"आणते, आणते!" सरोजिनी ओल्या पदराने डोळे पुसत साऱ्या पेठेला ऐकू जाईल एवढ्यांदा ओरडली. "तू माग गं, बाई! काय हवं ते माग!"