चौदा नंबरची निळी पाटी

मॅव्हिस पेनफोल्ड यांनी एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडले. लंडनच्या डेटफर्ड भागात चौदा नंबरच्या घरात त्या जन्मल्या आणि ब्याऐंशीव्या वर्षीही तिथंच राहत होत्या. मी त्यांच्या माडीवरची भाडेकरू. साहित्याची पदवीधर, म्हणजे घरकामात शून्य.

नगरपालिकेनं घरांची ती सबंध ओळ पाडायची ठरवली. त्याच सुमारास मला ग्रंथालयात एक पत्र सापडलं. कादंबरीकार ऑब्री क्रॅडॉक यांनी १९४८ साली मित्राला आमच्याच गल्लीचं नाव देऊन लिहिलं होतं, ‘सोमवारपासून माझा पत्ता चौदा नंबर.’ थोरांच्या घरांवर निळ्या पाट्या लावणाऱ्या समितीकडे मी अर्ज टाकला, एक प्रत नगरपालिकेलाही दिली. पाटी लागली असती, तर घर पाडायला नगरपालिका कचरली असती.

“तुम्ही फक्त ‘हो’ म्हणायचं,” मी बाईंना बजावलं.

“हो,” बाई म्हणाल्या. “बघ, जमतंय की.”

समितीचे सेजविकसाहेब आले. बाईंनी ठेवणीतल्या कपांतून चहा दिला.

“क्रॅडॉक इथंच राहायचे ना?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “हो.”

साहेब खूश झाले. वही मिटत म्हणाले, “काय माणूस! चिखलाच्या बुटांसकट पलंगावर लोळून लिहायचा म्हणे. तुमच्या आईंनी बरं खपवून घेतलं.”

बाईंनी कप खाली ठेवला.

“कुणी खपवून घेतलं?”

“तुमच्या आईंनी.”

“अहो, माझ्या आईनं त्याला पायपुसण्याच्या पुढं येऊ दिलं नाही! खोली बघायला आला होता. तिनं बूट बघितले आणि दार लावून घेतलं. अकरा वर्षांची होते मी, मागंच उभी होते.”

“पण आत्ताच तुम्ही हो म्हणालात.”

“या पोरीनं पढवलं होतं. पण माझ्या आईच्या पलंगावर बूट? आणि ते तुम्ही भिंतीवर लावणार?”

“पाटीवर बुटांचं काही लिहीत नाहीत हो!” मी कळवळून म्हणाले.

“गल्ली काय समजायचं ते समजते.”

पाटी गेली, हे आम्हा तिघांनाही कळलं. साहेबांनी चहा मात्र पुरता संपवला. तशी रीत आहे.

पुढच्या वसंतात घरं पडली. त्या जागी सात मजली इमारत उठली. तिला नाव द्यायला नगरपालिकेला कुणी स्थानिक थोर माणूस हवा होता. कुणा कारकुनाला माझा अर्ज सापडला. समितीचा नकार त्याला जोडलेला नव्हता.

बाईंना तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. सामान घेऊन आम्ही दोघी दारापाशी पोचलो. वर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, ‘क्रॅडॉक हाऊस’.

“मेला आत कसा शिरला?” बाई म्हणाल्या.

आता बहिणीला पत्ता कळवताना बाई इमारतीचं नाव गाळतात. पत्रं दोन दिवस उशिरा येतात. बाईंना चालतं.